पोटातला डिंक

मु. कोल्हापूर, ता. ९ जानेवारी १९१०

नेसरी मुक्कामी तानाबाईस,

मी खुशाल हाय, असं पहिल्या ओळीत लिवायची रीत हाय म्हणून लिवतो. दसऱ्याला पत्र टाकलतं, त्याचं उत्तर आलं न्हाय. ज्ञानूला वेळ न्हाय, का तुला सांगायचं काय न्हाय, ते कळलं न्हाय. ज्ञानू, तू तिचा भाऊ हायस आणि शाळा शिकलेला हायस. म्हणून माझं लिवलेलं तुझ्याच तोंडनं तिच्या कानावर जाणार. तवा सावकाश वाच. पोथी उरकल्यागत वाचू नकोस.

इकडची बातमी अशी. चैत्रात मोठं मैदान ठरलंय. पंजाबातनं एक पैलवान येणार, आणि त्याच्यासमोर बादशहा वस्तादांनी माझं नाव दिलंय. तालमीत माझ्याहून तरणी पोरं कितीतरी हायत. पण वस्ताद सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ह्यो सयाजी माझ्या हातनं घडलाय. उतरंल तर ह्योच." वस्तादांच्या तोंडातनं कवतिक काढायचं म्हणजे दाढ उपटायची, तुला म्हाईत हाय. त्या दिवशी मी अर्धी भाकरी खाऊन उठलो. आनंदानंच पोट भरलं असंल.

अंग चांगलं भरलंय. मागल्या वर्षीचा लंगोट कमरंला पुरत न्हाय, नवा शिवून घेतला. दूध, तूप, बदाम दरबारातनं येतंय तसंच येतंय. वस्ताद माझ्या पोटावर थाप मारतात आणि म्हणतात, "वजन धरलंस लेका, पंजाब्याला उचलायचा न्हाईस."

तू माहेरी गेलीस त्याला तीन वर्षं होतील. जाताना म्हणलीस, "तुमचं लगीन त्या तांबड्या मातीशी लागलंय, मी मधी कशाला?" मी तवा काय बोललो न्हाय. वस्तादांचा नेम हाय, मोठ्या कुस्तीआधी पैलवानानं तालमीतच झोपायचं. आणि एक मोठी कुस्ती झाली की दुसरी येतीच. हे मैदान एकदा झालं की मी... ज्ञानू, हे वाक्य गाळ. मागंबी मी असंच लिवलतं.

आपली बया आता पाच वर्षांची झाली असंल. तिला माझं तोंड आठवतं का?

सयाजी


मु. कोल्हापूर, ता. २० फेब्रुवारी १९१०

तानाबाईस,

तुझं उत्तर पोचलं. "बया बरी हाय. तुमी जपून ऱ्हावा." एवढंच. अक्षर ज्ञानूचं, पण बोलणं तुझं, हे वळखलं.

मी जपूनच हाय. तालीम जोरात चाललीय. हवा चांगली हाय. रंकाळ्याला पाणी भरपूर हाय.

ज्ञानू, हितनं पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. तुझ्यापाशीच ठेव.

परवा बाळासोबरोबर लढत करत हुतो. कालचं पोरगं, माझ्याच हाताखाली शिकलेलं. मी पट काढायला त्याच्या पायाशी वाकलो आणि श्वास आडकला. पोट मधी आलं. दुसऱ्या क्षणाला मी उताणा, आणि वर तालमीचं आढं दिसतंय. बाळासोच घाबरला. म्हणतोय, "आण्णा, घसरलासा का?" मी म्हणलो, घसरलो.

वस्तादांनी छडी उचलली. पाठीवर वळ उठलाय. "खुराक जातोय कुठं? दंडात दिसंना, मांडीत दिसंना. दरबाराचं तूप काय ढेरी वाढवायला देत्यात व्हय रं?" दुसऱ्या दिवसापासनं तूप बंद, बदाम बंद. त्यांना वाटतंय मी चोरून खातोय, आळस करतोय. ज्ञानू, मी आता चतकोर भाकरी खातो. तेवढ्यानंच गच्च होतंय. तरी पोट वाढतंयच. दंडावरचा ताईत सैल होऊन कोपरापतोर घसरतोय, आणि पोट तेवढं ताशागत ताणलंय. उताणं झोपलं की छातीवर कुणी बसल्यागत वाटतं, म्हणून भिंतीला टेकून झोपतो.

पोरं हसतात. एकानं विचारलं, "पैलवान, कितवा म्हैना?" मी त्याला उचलायला गेलो, उचलता आलं न्हाय. तेव्हा सगळेच गप झाले. ते हसत हुते तेच बरं हुतं.

एका वैद्यानं जलोदर म्हणून सांगितलं. मीठ बंद केलं, काढा दिलाय. पाणी हाय, उतरंल म्हणाला.

ज्ञानू, आता परत मोठ्यानं वाच. बयाला सांग, तिच्यासाठी चपलीचा जोड करायला टाकलाय.

सयाजी


मु. कोल्हापूर, ता. १७ मार्च १९१०

ज्ञानू,

हे पत्र तुला, तिला न्हाय. तिनं विचारलं तर म्हण, खुशाल हायत, मैदानाची तयारी चाललीय.

काढ्यानं काय झालं न्हाय. तवा वस्ताद मला शहरातल्या एका खाजगी डॉक्टराकडं घेऊन गेले. छडी मारणारे तेच, आणि हाताला धरून नेणारेबी तेच. त्या डॉक्टरानं पोट वाजवून बघितलं. म्हणाला, "पाणी आहे. काढून टाकतो. हलकं वाटेल." मला खुर्चीवर बसवलं, पायाशी बादली ठेवली आणि बेंबीखाली पोकळ सुई घातली. मी बादलीकडं बघत बसलो. पाणी आलं न्हाय. त्यानं सुई फिरवली, काढली, दुसरीकडं घातली. बादली कोरडीच. मग त्याचं तोंड उतरलं. वस्तादांना बाहेर नेऊन म्हणाला, "पाणी नाही, म्हणजे आत गाठ आहे. याला औषध नाही. घरी न्या." दार उघडंच हुतं. मी ऐकलं.

घरी न्या. ज्ञानू, मला हसू आलं. कुठल्या घरी?

तालमीच्या दारात आल्यावर वस्ताद आत न जाता तसेच माघारी वळले. "चल. दुसऱ्याला दाखवू."

दरबारच्या दवाखान्यात रामलिंग हुक्केरी म्हणून डॉक्टर हायत. संकेश्वराकडचे लिंगायत, मुंबईला शिकून आलेले. वय माझ्याएवढंच असंल. बोलता बोलता मधीच कानडीत स्वतःशीच पुटपुटतात. त्यांनी मला उताणं झोपवलं, कुशीवर वळवलं, परत उताणं केलं, आणि प्रत्येक बारीला बोटांनी वाजवून कान लावला. म्हणाले, "पाणी असतं तर तुम्ही वळलात की ते खालच्या अंगाला उतरलं असतं. हे जागचं हलत नाही. पण गाठीइतकं घट्टही लागत नाही. त्या डॉक्टरांची सुई बारीक असेल."

त्यांनी जाड सुई काढली. बैलाला टोचायची वाटावी अशी. मागं पिचकारी जोडून ओढत राहिले. कपाळाला घाम आला त्यांच्या. आणि मग नळीत काहीतरी चढायला लागलं. पाणी न्हवं, रक्त न्हवं, पू न्हवं. बाभळीचा डिंक पाण्यात भिजत घातल्यावर कसा फुगून थुलथुलीत होतो, तसं. पिवळसर. वाटीत टाकलं तर वाटी वाकडी केली तरी सांडंना.

वस्ताद उभे हुते ते खालीच बसले. "या अल्ला. ह्ये ह्याच्या पोटात हुतं? आन म्या ह्याला छडी मारली. म्या ह्याचं तूप तोडलं." एवढा मोठा माणूस, फरशीवर बसून गुडघ्यात तोंड घातलं. मी त्यांना कधी रडताना बघितलं न्हवतं. डॉक्टर म्हणाले, "वस्ताद, तूप दिलं असतं तरी हे असंच झालं असतं. उठा."

मग त्यांनी मला समजावलं. आडपडदा ठेवला न्हाय. पोट असं व्हायला कारणं तीन असतील. क्षय असंल तर पोट फाडून उपयोग न्हाय. वाईट जातीचा कर्करोग असंल तरी उपयोग न्हाय, तो फाडल्यावर जास्तच भडकतो. तिसरं एक लई विरळा दुखणं हाय. आतड्याला कुठंतरी बारीक गाठ होती, ती फुटून पोटात पसरती, आणि नुसता चीक गाळत राहती. ते असंल तर पोट उघडून चीक काढता येतो, माणूस उठून बसतो. "यातलं कुठलं, ते तुमचं पोट उघडायच्या आधी मला या वाटीत शोधायचं आहे," म्हणाले.

त्यांनी त्यातला थेंब काचंवर पसरला, वाळवला, वर रंग टाकला, आणि बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली धरून बघत बसले. लई वेळ. मग मलाबी बघू दिलं. ज्ञानू, फिक्कट निळा चिखल दिसला. त्यात लांब लांब एखादा ठिपका. डॉक्टर म्हणाले, "ठिपका म्हणजे पेशी. आपलं शरीर असल्या बारीक पेशींचंच बनलेलं असतं. पण इथं फारच थोड्या आहेत, आणि त्याही मोडलेल्या. नुसता चीकच चीक. खरं सांगतो पैलवान, असलं दुखणं मी कधी बघितलेलं नाही. पुस्तकात एक चित्र बघितलंय. चित्रावरून माणसाला फाडायला माझं मन धजत नाही."

त्यांनी बाटलीत थोडा डिंक भरून मुंबईला आपल्या गुरुजींकडं पाठवलाय. तिकडनं उत्तर येईपतोर कुस्ती बंद. पोटावर दाब पडला तर काय होईल सांगता येत न्हाय, म्हणाले.

इकडं मैदानाच्या जाहिराती भिंतींवर लागल्यात. माझं नाव मोठ्या अक्षरात हाय. मी त्या भिंतीवरनं जात न्हाय, पलीकडच्या बोळानं जातो.

तानाबाईला यातलं काय सांगू नकोस. तिला माझी दया येईल. ती नको मला. तिनं माझ्यावर रागवून बसावं, तेवढं मला सोसतंय.

सयाजी


मु. कोल्हापूर, ता. ११ एप्रिल १९१०

तानाबाईस,

ज्ञानू, आज सगळं वाच. काय गाळू नकोस.

तानाबाई, मला पोटाचं दुखणं झालंय. लई दिवसांचं हाय. मी तुला लपवलं. आता लपवायसारखं राहिलं न्हाय. पोट एवढं झालंय की बसून पायाचा अंगठा दिसत न्हाय. पायात चपला दुसऱ्यानं घालाव्या लागतात. ते काम वस्ताद करतात, मी नको म्हणलो तरी.

दवाखान्यातल्या डॉक्टर रामलिंगांनी माझ्या पोटातनं डिंकासारखा चीक काढून मुंबईला त्यांच्या गुरुजींकडं तपासायला पाठवलाता, त्याचं उत्तर आलं. गुरुजींनी लिवलं की तुमचा अंदाज खरा असेल, पण पेशीच नसतील तर मी छातीठोक सांगणार न्हाय. दुसऱ्या जागेवरनं परत काढा आणि एका काचंवर थांबू नका. डॉक्टर रामलिंगांनी ते पत्र मला वाचून दाखवलं. त्यांचं तोंड पडलंतं. मी विचारलं, "म्हणजे परत सुई?" म्हणाले, "हं, परत सुई." ह्या बारीला उजव्या अंगाला, खाली घातली. मला वाटलं त्या डॉक्टराच्या हातात माझं पोट म्हणजे विहीर झालीय, पाणी लागंपतोर खणायचं.

त्यांनी सबंध दिवस काचा बघण्यात घालवला. दवाखान्याचं काम आटपून परत दुर्बिणीशी बसले. मी आणि वस्ताद व्हरांड्यात. वस्तादांनी नमाज तिथंच पडवीत पढला. ऊन कलल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या दंडाला धरून आत नेलं. "बघा. लवकर बघा."

त्याच निळ्या चिखलात ह्या बारीला एक पट्टी हुती. त्यात पेशी एकीला एक लागून हारीनं उभ्या. बुडाशी एक काळा ठिपका, आणि वरच्या अंगाला प्रत्येकीच्या पोटात फुगलेला, फिकट थेंब. मला त्या बायकांगत वाटल्या, पाणवठ्यावर डोक्यावर घागर घेऊन वळीनं उभ्या असल्यागत. असं म्हणलो तर डॉक्टर हसले. लई दिवसांनी हसलेले बघितले. म्हणाले, "याच. या घागरी रिकाम्या करतात आणि परत भरतात, दुसरं काही करत नाहीत. क्षयाच्या खुणा नाहीत. वाईट कर्करोगाच्या पेशी अशा शहाण्यासारख्या हारीत उभ्या राहत नाहीत. हे तिसरंच आहे."

मी विचारलं, म्हणजे मी वाचणार? ते लगेच हो म्हणाले न्हाईत. म्हणाले, "आता पोट उघडायला माझ्याकडं कारण आहे. एवढंच झालंय." दवाखान्यातले मोठे सर्जन हे काम करणार, डॉक्टर रामलिंग त्यांच्या हाताखाली उभे राहणार. गुंगीचं औषध देऊन पोट उघडायचं, डिंक उपसायचा, मुळातली गाठ सापडली तर कापायची. काही माणसं त्या गुंगीतनं उठत न्हाईत. काही उठतात आणि ताप येऊन जातात. आणि न्हाय उघडलं तर डिंक भरतच राहणार, आतडी दाबली जाणार. एक दिवस अन्न खाली उतरायचं बंद होईल.

वस्तादांनी मैदानातनं माझं नाव काढलं. स्वतः जाऊन सांगितलं, माझा पैलवान आजारी हाय. लोकांना ते खरं वाटत न्हाय. गंगावेशीत एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "पंजाब्याचं नाव ऐकून पोट सुटलं." तसं बघितलं तर खोटं काय बोलला त्यो?

डॉक्टरांनी विचारलं, "घरचं कोण आहे?" मी म्हणलो, कुणी न्हाय. वस्ताद मागनं म्हणाले, "हाय. बायको हाय. नेसरीत असती." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

एवढं लिवून ठेवतोय, कारण तुला दुसऱ्याच्या तोंडनं कळू नये.

सयाजी


मु. कोल्हापूर, ता. २ मे १९१०

तानाबाईस,

उद्या पोट फाडायचं ठरलंय. तू येऊ नकोस. उन्हाचा प्रवास हाय, बयाला कुणी बघायचं? आणि येऊन करणार काय? आलीस आणि मी उठलो न्हाय तर माझं असं पोट तेवढं तुझ्या डोळ्यांत राहील. त्यापरीस तू मला चांगला बघितलेलास, तो असू दे.

मैदान झालं. बाळासोला उतरवलतं. पंजाब्यानं त्याला पाऊण तास दमवला, पण पाठ लावता आली न्हाय. बरोबरीत सोडवली. दवाखान्याच्या खाटंवर मला लोकांचा गलका ऐकू येत हुता. आधी वाटलं, माझ्या नावानं वरडतायत. मग ध्यानात आलं.

भ्या वाटतंय. हे मी वस्तादांना सांगितलं न्हाय, डॉक्टरांना सांगितलं न्हाय. कुस्तीत समोरच्याचा हात दिसतो, पाय दिसतो. ह्यात मी निजलेला असणार आणि दुसरेच लढणार.

बयाची चपली झालीय. वस्तादांपाशी ठेवलीय.

सयाजी


मु. कोल्हापूर, ता. ३० जून १९१०

तानाबाईस,

तू पेरणीसाठी गेलीस त्याला पंधरवडा झाला. टाक्याची जागा सुकलीय. मी काठी घेऊन महाद्वारापतोर जाऊन येतो. एप्रिलचं पत्र ऐकून, माझं दोन मेचं पत्र मिळायच्या आधीच तू गाडीत बसलीवतीस, हे ज्ञानूनं सांगितलं. तू ये असं मी लिवलं असतं तर तू आली असतीस का न्हाय, कुणास ठाऊक.

तू असताना मला बोलता आलं न्हाय. पोट दुखत हुतं हे निमित्त. पोट दुखत नसताना तरी मी तुझ्याशी कधी बोललोय? म्हणून आता लिवतोय.

गुंगीचं औषध तोंडावर धरलं तवा मी मनात जोर मोजत हुतो. मग काय न्हाय. मग एकदम वकारी आली आणि पोटात निखारा ठेवल्यागत आग. डोळे उघडले तर पायाशी कुणीतरी बाई बसलेली. मला वाटलं दवाखान्यातली आया. मग तू म्हणलीस, "किती वाळलाय हो." तेव्हा वळखलं.

पोट सपाट झालंतं. मी हात लावून बघितला तर पट्टीखाली माझं म्हणावं असं काय हाताला लागंचना. वस्ताद म्हणाले, घमेली भरभरून डिंक काढला. आंधळ्या आतड्याला एक शेपटी असती म्हणं, करंगळीएवढी. ती माझी लिंबाएवढी फुगून फुटलेली निघाली. ती कापली. सर्जन साहेबांनी डॉक्टर रामलिंगांचा हात हातात घेतला, सगळ्यांच्या देखत. त्यो गडी चष्मा पुसत उभा राहिला.

तू छडीच्या वळाचं विचारलंस तवा मी म्हणलो, "हे तुला कुणी सांगितलं? मी तर ज्ञानूला वाचू नको म्हणलोतो." तू म्हणलीस, "तुमी वाचू नको लिवलं की त्यो आधी तेवढंच वाचायचा." तानाबाई, मला हसू आलं आणि टाक्यांत कळ आली. म्हणजे फेब्रुवारीपासनं तुला सगळं ठाऊक हुतं. मला गाभण म्हणलेलं, छडी खाल्लेली, घर न्हाय म्हणलेलं. आणि तू मला दोन ओळी लिवत राहिलीस. का, ते मी विचारलं न्हाय. मला वाटतं तू वाट बघत हुतीस, मी तुला कधी सांगतोय त्याची.

तुला आठवत असंल, डॉक्टर खाटंपाशी आलते आणि तू डोक्यावरचा पदर सावरून त्यांना सरळ विचारलंस, "ह्ये परत भरंल का?" मी तुझ्याकडं बघतच राहिलो. मला ते विचारायचा धीर झाला न्हवता.

डॉक्टर म्हणाले, "भरेल, बाई. सगळ्या पेशी काढता येत नाहीत. वर्षानं, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी. मला सांगता येत नाही."

"मग कळंल कसं?"

"पोट वाढायला लागलं की परत सुई घालून बघू."

"आन बघून करायचं काय? भरायचं ते भरणारच की."

डॉक्टर तुझ्यावर रागावले न्हाईत. म्हणाले, "आत काय आहे ते कळलं नसतं तर यांना जलोदर म्हणून आम्ही काढाच पाजत बसलो असतो, आणि हे वैशाखात गेले असते. आता पुढं किती दिवस ते मला ठाऊक नाही. पण ते दिवस आहेत." तू मान हलवलीस. पटलं म्हणून का न पटून, ते मला तुझ्या तोंडावरनं कळलं न्हाय. मी तुझं तोंड वाचायला शिकलोच न्हाय.

रात्रंदिवस तू माझं केलंस. उचललंस, पुसलंस, भरवलंस. मी तुला एकदाबी म्हणलो न्हाय की थांब. आणि तू निघताना दाराशी म्हणलीस, "मी या म्हणत न्हाय, आन नको बी म्हणत न्हाय." गाडी गेल्यावर वस्ताद मला म्हणाले, "पुढच्यानं हात पुढं केला तर पैलवानानं हात द्यायचा असतो. एवढंबी म्या तुला शिकवलं न्हाय व्हय रं?"

बयाला चपली झाली का? मोठी झाली असंल तर चिंध्या घालून वापरू दे. पोरीचा पाय वाढतोच.

सयाजी


मु. कोल्हापूर, ता. ४ फेब्रुवारी १९११

तानाबाईस,

मी खुशाल न्हाय.

दिवाळीपतोर बरं चाललंतं. वस्तादांचे गुडघे गेलेत, म्हणून तालमीतल्या नव्या पोरांना जोर-बैठका मी घेऊन देतो. स्वतः मातीत उतरत न्हाय, कडंला बसून सांगतो. पोरं ऐकतात. अन्न गोड लागत हुतं. तू धाडलेलं नाचणीचं पीठ संपलं तवा खरंच वाईट वाटलं.

संक्रांतीला धोतराची गाठ घट्ट लागायला लागली. आधी म्हणलो, अंग धरलंय. मग माझं मलाच कळलं की हे मी पूर्वीबी म्हणलोतो. वस्तादांना न सांगता एकटाच दवाखान्यात गेलो.

डॉक्टर रामलिंगांनी तीच जाड सुई काढली. ह्या बारीला जास्त ओढावं लागलं न्हाय. तोच डिंक आला, थोडा. काचंवर पसरून त्यांनी बघितला. मी त्यांच्या पाठीकडं बघत उभा हुतो. त्यांचे खांदे खाली आले, तवाच मला कळलं. वळून म्हणाले, "पैलवान, त्याच आहेत."

मला वाटलतं मी रागवीन न्हाईतर रडीन. तसं काय झालं न्हाय. मी म्हणलो, "मग आता?"

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आत्ताच परत पोट उघडायचं. डिंक थोडा हाय, अंगात ताकद हाय. पण एकदा उघडलेल्या पोटात आतडी एकमेकाला चिकटलेली असतात, त्यात हात घालणं पहिल्यापरीस अवघड. मी खाटंवरनं उठीन याची खात्री ते देत न्हाईत. दुसरी वाट, हात लावायचा न्हाय. सावकाश भरू द्यायचं. वर्ष जाईल, दोन जातील, तेवढे दिवस हिंडतफिरत काढायचे आणि अगदीच गळ्याशी आलं की मग बघायचं. त्या वेळंला कदाचित फाडण्याजोगं अंग राहिलेलं नसंल. दोन्हीतलं बरोबर कुठलं, ते दुर्बिणीत दिसत न्हाय म्हणाले.

मी म्हणलो, "तुमी सांगा तसं." लहानपणी बा सांगायचा, मग वस्तादांनी सांगितलं, तसंच मी करत आलो. डॉक्टर म्हणाले, "मी सांगणार नाही. पोट तुमचं आहे, दिवस तुमचे आहेत. तुमचं मत काय?"

आणि माझ्या तोंडातनं गेलं, "घरी विचारून सांगतो."

डॉक्टर म्हणाले, "जरूर विचारा." त्यांना त्यात काय वेगळं वाटलं न्हाय. रोज माणसं असंच म्हणत असतील त्यांना. मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. चौतीस वर्षांच्या जन्मात हे मी कधी कुणाला म्हणलो न्हवतो. कुस्ती धरायच्या आधी न्हाय, तालमीत ऱ्हायला जायच्या आधी न्हाय, तू बोचकं बांधत हुतीस तवाबी न्हाय. त्या पायरीवर मला पोटापरीस त्याचीच जास्त धडकी भरली. घरी विचारून सांगतो म्हणलो, आणि घर तिकडं.

म्हणून विचारतोय. हितं राहून आत्ताच फाडून घेऊ, का हाय तसा तिकडं येऊ? आलो तर तुला हे पोट रोज भरताना बघावं लागंल, आणि बयाला तिचा बाप कळायला लागंल तवाच तो जायला निघालेला असंल. ह्याचा मी लई विचार केला. एकट्याच्यानं सुटत न्हाय.

तुला राग आला असंल तर तो पण सांग. दोन ओळींत सांगू नकोस. ज्ञानूचा हात दुखला तरी चालंल, पण तुझ्या मनात हाय तेवढं सगळं लिवून घे. मी डॉक्टरांना अजून काय सांगितलेलं न्हाय. तुझं काय म्हणणं हाय?

सयाजी